सर्वांत लहान आधी बोलेल

“आकड्याचं तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं,” मिस डॅनियल हळू आवाजात म्हणाल्या.

“सांगणार कोण?” मिसेस सुंदरम म्हणाल्या. “आपल्यात ठाऊक कुणाला होतं?”

अक्का, तुम्ही तेव्हा आत होतात, हॉलमध्ये, चटईवर. अड्यारच्या तुमच्या घराच्या व्हरांड्यात चपलांना जागा उरली नव्हती. आपल्या झूऑलॉजी विभागाच्या प्रमुख मिस डॅनियल आणि इकॉनॉमिक्सच्या मिसेस सुंदरम पायरीच्या कडेला उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे खांबापाशी मी. त्यांना मी दिसत नव्हते. दिसले असते तरी त्या तेच बोलल्या असत्या, कारण मी ऐकत असते हे लोक विसरतात. मी खांबाला हात लावून उभी राहिले. खांब उन्हाने तापला होता. हात काढावासा वाटत नव्हता.

मला ठाऊक होतं, अक्का. तुम्हालाही ठाऊक होतं, की मला ठाऊक होतं.

तुमचे भाऊ अण्णा बाहेर आले आणि म्हणाले, “सुधा, ये गे आत. अक्काला बघून जा.” मी आत गेले. सगळ्या बायका तुमच्याशी काही ना काही बोलत होत्या, तमिळमध्ये, तुमच्या त्या जुन्या तंजावरच्या मराठीत. मी काही बोलले नाही. नमस्कार केला आणि घरी नुंगंबाक्कमला निघून आले.

म्हणून हे लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. माझी मराठी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीची मराठी. पहिल्या दिवशीच तुम्ही माझी मराठी ऐकून म्हणालात, “पुण्याची माणसं ना तुम्ही? मग हे असं इस्त्री केल्यासारखं का बोलतेस?” मी म्हटलं, वडील रेल्वेत आहेत, मी इथेच वाढले. तुम्ही तुमचं ते तमिळ ‘बरं’ म्हणालात, “शरी. आमची मराठी जुनी, तुझी कोरी. दोघी मिळून एक धड करूं.” त्या दिवसापासून कॉलेजात तुम्ही ‘मिस राव’ आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर ‘अक्का’.

शनिवारचा पाठ तुम्ही का सुरू केलात, ते मला नंतर कळलं. कॉलेजात येऊन तुम्हाला वीस वर्षं झाली होती आणि या वीस वर्षांत कॉलेजने तुम्हाला काही शिकायला म्हणून कुठेही पाठवलं नव्हतं. परिषदा व्हायच्या, तिथे पुरुष जायचे. “मुलींना आपण शिकवतो,” तुम्ही म्हणायचात, “आपणांस कोण शिकवतो? कोणी नाही. मग आपणच एकमेकींस शिकवूं.” म्हणून दर दुसऱ्या शनिवारी लॅबमध्ये बारा-पंधरा जणी जमायच्या. सगळ्या विषयांच्या. एकीने वीस मिनिटं आपला पाठ घ्यायचा, जसा मुलींसमोर घेते तसा. मग बाकीच्यांनी काय चुकलं ते सांगायचं. शिकवणारीने उत्तर द्यायचं नाही, फक्त लाल पेन्सिलीने लिहून घ्यायचं, आणि शेवटी विचारायचं, “अजून काही?”

आणि बोलायची सुरुवात सर्वांत लहान असेल तिने करायची. मोठ्यांनी आधी मत दिलं की लहान तेच गिरवतात, असं तुमचं म्हणणं. नियम चांगला होता. फक्त तिथली सर्वांत लहान मी होते.

दर खेपेला मी उभी राहून एकच वाक्य म्हटलं: “पाठ फार स्पष्ट होता, मॅडम.” मिसेस सुंदरम म्हणाल्या, “अय्यो, मिस दातारांचा एक रबरी शिक्का करून घ्या. ‘फार स्पष्ट.’ त्यांचे उभं राहायचे कष्ट तरी वाचतील.” सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत.

पुढच्या रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुम्ही गच्चीवर तांदळाचे वडाम, आपल्या कुरडयांसारखे, वाळत घालत होतात. मला म्हणालात, खाली विहिरीपाशी उभी राहा आणि तिथून बेडकाचं हृदय शिकव. मी शिकवायला लागले.

“ऐकूं येईना!” वरून आवाज आला. “घसा घरीं ठेवून आलीस काय गे?”

मी जरा मोठ्याने बोलले.

“अजून ऐकूं येईना! कावळे तुझ्याहून मोठ्यानं बोलतात!”

शेजारच्या घरातली माणसं खिडकीत आली. मला रडू येत होतं आणि रागही. शेवटी मी ओरडून सांगितलं की बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात. तुम्ही कठड्यावरून वाकून पाहिलंत, हात पिठाने पांढरे झालेले, आणि म्हणालात, “आत्तां कळलं. तीनच? मला वाटलं चार असतील.” त्या दिवशी तुम्ही मला जेवू घातलंत आणि आवाजाबद्दल एक शब्द बोलला नाहीत. असे कितीतरी रविवार झाले. आज मी मुलींच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतकं बोलते, ते त्या विहिरीपाशी शिकले. पण मुलींसमोर बोलणं वेगळं आणि मोठ्यांसमोर चूक दाखवणं वेगळं. ते दुसरं मला आलं नाही.

मग तो उन्हाळी अभ्यासवर्ग आला. कॉलेजच्या शिक्षकांसाठी, बंगळूरला, सहा आठवडे, नवीन जीवशास्त्र शिकवणारा. आपल्या कॉलेजातून एकाच नावाची शिफारस जाणार होती आणि मिस डॅनियलनी तुमचं नाव दिलं. परिपत्रक तुम्ही चारदा वाचलंत. घडी घालून पर्समध्ये ठेवायचात आणि पुन्हा काढायचात. “सहा आठवडे, गे,” तुम्ही बसमध्ये म्हणालात, “सहा आठवडे मी मागच्या बाकावर बसणार आणि दुसरा कोणी उभा राहून बोलणार.” तुमच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला नीट पाहवला नाही. इतकी वर्षं तुम्हाला काय हवं होतं ते एकदम उघडं पडल्यासारखं झालं होतं.

निवडीच्या मुलाखतीत छोटा पाठ घ्यायचा होता. तुम्ही तो आधी शनिवारी आमच्यासमोर घेतलात.

तो पाठ मी कधी विसरणार नाही. शाळा संपवून कॉलेजात नव्या आलेल्या पी.यू.सी.च्या मुलींना आनुवंशिकता कशी शिकवावी याचा. तुम्ही कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून मल्ली, म्हणजे मोगरा, आणि अबोली आणली होतीत आणि एकाच दोऱ्यात ओवली होतीत. पांढरी फुलं आईकडची, केशरी वडिलांकडची. माणसाच्या प्रत्येक पेशीत असे धागे असतात, क्रोमोसोम, अर्धे आईचे आणि अर्धे बापाचे. तुम्ही माळ हातावर धरलीत आणि एकेक फूल बोटाने पुढे सरकवत मोजलंत. चोवीस पांढरी. चोवीस केशरी. अठ्ठेचाळीस. मिसेस सुंदरमसुद्धा पुढे वाकून बघत होत्या.

अक्का, तो आकडा चुकीचा होता. काही वर्षांपूर्वी पुन्हा मोजून तो सेहेचाळीस निघाला होता. माउंट रोडजवळच्या त्या परदेशी ग्रंथालयात एका मासिकात मी ते वाचलं होतं. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र अजून अठ्ठेचाळीसच छापलं होतं आणि परीक्षेत मुलींनी तेच लिहायचं होतं. तुम्ही पुस्तकातलंच सांगत होतात. पण तुम्ही पी.यू.सी.च्या परीक्षेला जात नव्हतात. जिथे नवं शिकवणार होते तिथे जाण्यासाठी नव्या माणसांसमोर उभ्या राहणार होतात.

पाठ संपला. तुम्ही लाल पेन्सिल उचललीत आणि माझ्याकडे पाहिलंत.

मी उभी राहिले. मला वाटलं, इतकी सुंदर माळ आहे. मला वाटलं, मी वाचलेलंच चुकीचं निघालं तर? मला वाटलं, वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला दोन वर्षांच्या डेमॉन्स्ट्रेटरने, तेही सगळ्यांसमोर? यातलं खरं कारण कुठलं, ते मी अजूनही सांगू शकत नाही.

“पाठ फार स्पष्ट होता, मॅडम,” मी म्हटलं.

पाठीमागून कुणीतरी हसलं. मग बाकीच्या बोलल्या. फळ्यावरचं अक्षर लहान आहे, शेवट घाईत झाला. तुम्ही लिहून घेतलंत. “अजून काही?” तुम्ही वही मिटलीत.

बसमध्ये माझ्या शेजारी तुम्ही ती माळ मांडीवर घेऊन बसला होतात. तुम्ही म्हणालात, “तिथे इंग्रजीत नाही जमलं तर इथे सांग. मराठीत सांग. कोण ऐकतो इथे?” मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. फॉर्टी-सिक्स हे मनात तयार होतं आणि मराठीत त्याला काय म्हणतात ते मला आठवेना. चाळीसच्या पुढचे आकडे मी नेहमीच घोटाळते, तुम्हाला ते माहीत होतं. पण इंग्रजीत म्हटलं असतं तरी तुम्हाला कळलंच असतं. ती निव्वळ सबब होती. “काही नाही, अक्का,” मी म्हटलं. उतरताना तुम्ही ती माळ माझ्या केसांत घातलीत.

मुलाखतीहून तुम्ही दुपारी परत आलात. छत्री खुंटीला लावलीत आणि खुर्चीवर बसलात. मिस डॅनियलनी काय झालं विचारलं.

“माळ आवडली त्यांस,” तुम्ही म्हणालात. “मग त्यांतल्या सगळ्यांत तरुण गृहस्थानं विचारलं, मॅडम, फुलं किती? मी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग ते एकमेकांकडे बघून हसले.” तुम्ही पाण्याचा पेला उचललात आणि न पिता खाली ठेवलात. “म्हणाले, मॅडम, विषय फार पुढे गेला आहे. मी म्हटलं, म्हणूनच अर्ज केला आहे, साहेब. जिला सगळं येतं तिला कशाला पाठवतां? ती इथेच बसूं दे की.”

“मग?” मिसेस सुंदरम म्हणाल्या.

“मग काय. थँक यू.”

तुमचं म्हणणं बरोबर होतं. ते मी तेव्हाही म्हटलं नाही. शिकायला बोलावलेल्या माणसाला काय येत नाही ते बघून परत पाठवायचं, हा कसला अभ्यासवर्ग? आपण दोघींनी या विषयावर किती वाद घातला असता. पण वाद घालायला मला तोंड नव्हतं. मी माझ्या टेबलावर बसून बेडकांच्या स्लाइड्स पुसत होते. त्या स्वच्छच होत्या.

पंधरा दिवसांनी तुम्ही लॅबमध्ये आलात. मी एकटी होते. तुम्ही स्टूल ओढून बसलात.

“मी त्या ग्रंथालयांत जाऊन आलें,” तुम्ही म्हणालात. “सेहेचाळीस आहे. बरोबर आहे त्यांचं. तिथल्या बाईनं जुना अंक काढून दिला. अंक घेतांना वहींत सही करावी लागते.”

“हो,” मी म्हटलं.

“माझ्या सहीच्या दोन पानं आधी तुझी सही आहे गे. त्याच अंकासाठी. डिसेंबरांतली.”

पाठ जानेवारीत झाला होता. तुम्ही थांबलात. तुम्ही रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही फक्त वाट बघत होतात, गच्चीवर कठड्याला टेकून बघायचात तशी.

“मी जाते तिथे कधीकधी,” मी म्हटलं.

“शरी,” तुम्ही म्हणालात, आणि उठलात.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं. तुम्ही माझ्याशी नेहमीसारख्याच वागलात. डब्यातलं दिलंत, माझ्या साडीला नावं ठेवलीत, रविवारी मात्र बोलावलं नाहीत. शनिवारचे तीन पाठ झाले. तिन्ही वेळा मी तेच वाक्य म्हटलं, आणि पाठ दुसऱ्या कुणाचा असूनही तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, “अजून काही?” तुम्ही इतका वेळ थांबायचात की बाकीच्या चुळबुळ करायच्या. तिसऱ्या शनिवारनंतर पाच दिवसांनी अण्णांचा निरोप आला, तुम्ही गेलात म्हणून. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं जुनंच दुखणं. अण्णांनाही ते पूर्ण माहीत नव्हतं. माझ्या गप्प राहण्याने तुमचं काही झालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे स्वतःलाच फार मोठं करणं होईल. माझ्या गप्प राहण्याने तुमचे सहा आठवडे गेले. एवढंच, आणि ते पुरे आहे.

परवा मिस डॅनियलनी मला खोलीत बोलावलं. येत्या उन्हाळ्यातल्या वर्गासाठी त्या माझं नाव देणार आहेत. “तू वाचतेस. तू अद्ययावत आहेस,” त्या म्हणाल्या. “मिस रावना आनंद झाला असता.” मग त्यांनी मला सायक्लोस्टाइलवर छापायच्या स्टेन्सिलचे कागद दिले. तुमचा तो फुलांचा पाठ, तुम्ही मुलाखतीआधी टाइप करून घेतला होता तसाच, तुमच्या नावाने शहरातल्या सगळ्या कॉलेजांना पाठवायचा होता. छापण्याआधी टायपिंगच्या चुका बघणं माझ्याकडे होतं.

तिसऱ्या पानावर तो आकडा होता. माझ्या हातात चुका बुजवायच्या लाल औषधाची बाटली होती, तिच्या टोपणाला लावलेला बारीक ब्रश होता. एक थेंब, वाळेपर्यंत फुंकर, वरून नवीन अंक. कुणाला कळलं नसतं. तुमचं नाव स्वच्छ राहिलं असतं आणि माझंही. मी ब्रश कागदाच्या अगदी वर धरून बसले होते. मग वाटलं, तुमची चूक मी अशी गुपचूप पुसली तर मुलाखतीत तुम्ही काय सोसलंत तेही पुसलं जाईल, आणि शनिवारी उभं राहून काय सांगायला हवं होतं तेही. ते मी पुन्हा एकदा न बोलता उरकल्यासारखं होईल. मी बाटलीचं टोपण लावलं. स्टेन्सिल तसंच दिलं. ते बरोबर केलं की नाही, हे आज दुपारपर्यंत मला कळत नव्हतं.

आज शनिवार. लॅबमध्ये सगळ्या होत्या, अण्णाही होते, मागच्या बाकावर. टेबलावर तुमचा फोटो आणि त्याच्यापुढे माळ. मिस डॅनियलनी मुद्दाम तशीच ओवून आणली होती, पांढरी आणि केशरी. दाराशी छापलेल्या प्रतींचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवला होता, सभा संपल्यावर वाटायला. मिस डॅनियलनी तुमचा पाठ वाचला. चांगला वाचला. अठ्ठेचाळीस त्यांनी तुमच्यासारखंच सावकाश म्हटलं.

पुस्तकात अजून तोच छापलेला असल्याने मुलाखतीत चुकलेला आकडा हाच, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. आकडा चुकला एवढंच सगळ्यांना माहीत होतं, खरा कोणता ते कुणी शोधलं नव्हतं. तुमच्याखेरीज कुणीच नाही.

त्यांनी कागद खाली ठेवला. नियमाप्रमाणे आता मी उठायचं होतं. मिस डॅनियलनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा बघून बहुधा त्यांना दया आली.

“आज नियम राहू दे,” त्या म्हणाल्या. “आज आपण दोन मिनिटं शांत उभ्या राहू.”

सगळ्यांच्या खुर्च्या सरकल्या. अक्का, ती वाट माझ्यासाठीच मोकळी करून दिली होती. दोन मिनिटं गप्प राहिले असते आणि सगळं संपलं असतं. मी उभी राहिले आणि टेबलापाशी गेले. माळेच्या टोकाचं एक मल्लीचं फूल ओढून काढलं, मग एक अबोलीचं. दोरा थोडा सुटला. मिसेस सुंदरम म्हणाल्या, “मिस दातार, हे काय करता?”

मागच्या बाकावर अण्णा होते. माझं बोलणं तिथवर पोहोचायला हवं होतं. मी विहिरीपाशी उभी आहे असं धरलं.

“पाठ फार स्पष्ट होता,” मी म्हटलं. “पण आकडा चुकीचा आहे. तेवीस आणि तेवीस, सेहेचाळीस. तो गठ्ठा सोडा आणि प्रत्येक प्रतीवर दुरुस्त करा. मिस राव शिकवत होत्या त्या दिवशी मला हे ठाऊक होतं, आणि सगळ्यांत आधी मी बोलायचं होतं.”